ऑफिसातल्या सगळ्या पीसींचे अपडेट कसे सांभाळायचे

आठ-दहा पीसी असेपर्यंत अपडेटचा विचार कोणी करत नाही, ज्याचं त्याचं मशीन आपापल्या मनाने अपडेट होत राहतं आणि चालून जातं. तीस-चाळीस झाले की मग त्रास सुरू होतो. महिनाअखेरीला अकाउंट्समधलं मशीन भर कामात रिस्टार्ट मागतं, शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघांची व्हर्जन वेगळी निघतात, आणि सकाळी सगळे एकदम आले की नेट रांगायला लागतं. नेटचा हिशोब करून बघा, एक अपडेट १ जीबीचं धरलं आणि ४० मशीननी ते वेगवेगळं ओढलं तर ४० जीबी झाले, ५० एमबीपीएसच्या लाइनवर पावणेदोन तास दुसरं काही चालायचं नाही.

मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि माझं मत असं झालंय की अपडेट मशीनपर्यंत पोचवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, त्यासाठी टूल भरपूर आहेत. कस लागतो तो दोन ठिकाणी, कोणत्या मशीनला आधी द्यायचं आणि रिस्टार्ट कधी घ्यायचा. रिस्टार्ट झाला नाही तोवर अपडेट लागलंच नाही असं धरून चालायचं. खाली मी मुख्यतः विंडोजचंच लिहितोय कारण बहुतेक ऑफिसात तेच असतं, बाकीचं शेवटी थोडक्यात.

आधी यादी

कुठलंही टूल टाकायच्या आधी एक एक्सेल शीट उघडा आणि स्वतः प्रत्येक टेबलापाशी जा. मशीनचं नाव, कोण बसतं, विंडोजचं व्हर्जन, सी ड्राइव्हवर किती जागा शिल्लक, आणि त्या मशीनला जोडलेली वेगळी काही वस्तू, म्हणजे डाँगल, लेबल प्रिंटर, हजेरीचं मशीन, जुना स्कॅनर वगैरे. व्हर्जन बघायला विंडोज की आणि आर दाबून विनव्हर (winver) टाइप करा, छोटी खिडकी येते त्यात २४एच२ असं काहीतरी लिहिलेलं असतं ते टिपून घ्या.

व्हर्जन यासाठी की प्रत्येकाची मुदत ठरलेली असते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता त्याला सिक्युरिटी अपडेट हवे असतील तर एक्स्टेंडेड सपोर्ट वेगळा घ्यावा लागतो. विंडोज ११ मध्येही प्रो एडिशनच्या प्रत्येक व्हर्जनला २४ महिने मिळतात आणि एंटरप्राइजला ३६. २३एच२ ची प्रोसाठीची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली, २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. यादी करताना हमखास एक-दोन मशीन अशी सापडतात की जी वर्षभरापूर्वीच मुदतीबाहेर गेली आणि अपडेट येत नाहीये म्हणून वापरणारा खूश होता. होम एडिशनचं मशीन सापडलं तर त्यावर खूण करा, होमला ग्रुप पॉलिसी (एका जागेवरून सगळ्या मशीनना सेटिंग देणारी सोय) लागू होत नाही, ते डोमेनलाही (सर्व्हरवरून सांभाळलेलं ऑफिसचं एकत्र नेटवर्क) जोडता येत नाही, म्हणजे ते कायम हातानेच बघावं लागणार. शक्य असेल तर प्रो करून घ्या.

जागेचा रकाना विसरू नका. सी ड्राइव्हवर २० जीबीपेक्षा कमी उरलेलं मशीन मी आधीच लाल करून ठेवतो, कारण अपडेट अडकल्याच्या तक्रारींत पहिलं कारण बऱ्याचदा तेच निघतं.

कोणत्या रस्त्याने द्यायचे

दहा-बारा मशीन असतील आणि सर्व्हर नसेल तर वेगळं काही उभं करू नका. प्रत्येक मशीनवर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, तिथे दुसऱ्या डिव्हाइसवरून डाउनलोड चालू करा आणि फक्त लोकल नेटवर्कचा पर्याय ठेवा, इंटरनेटवरच्या मशीनचा नको. मग एका मशीनने ओढलेलं अपडेट दुसरं मशीन त्याच्याकडून घेतं आणि बाहेरची लाइन मोकळी राहते. यासाठी आतल्या आत ७६८० हा टीसीपी पोर्ट उघडा लागतो, आणि वायफायवर क्लायंट आयसोलेशन चालू असेल तर मशीन एकमेकांना दिसतच नाहीत आणि सगळे बाहेरूनच ओढतात. चाललंय की नाही ते त्याच पानावरच्या ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये दिसतं, लोकल नेटवर्कवरून किती टक्के आलं ते लिहिलेलं असतं. शून्य असेल तर वरची दोन कारणं आधी बघा.

डोमेन असेल, मशीन सगळी ऑफिसातच असतील आणि नेटची लाइन बारीक असेल तर डब्ल्यूएसयूएस, म्हणजे अपडेट एकदाच उतरवून ऑफिसातल्या मशीनना वाटणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर. फुकट आहे, विंडोज सर्व्हरमध्येच येतं. मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलंय की यात आता नवीन काही येणार नाही, आहे ते चालू राहील. सर्व्हर २०२५ मध्येही ते आहे, त्यामुळे आज चालू असलेलं घाईने काढू नका, पण नव्याने सगळं उभं करत असाल आणि निम्मे लोक लॅपटॉप घेऊन बाहेर फिरत असतील तर मी सरळ मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरून चालणारं इंट्यून सुचवेन, त्यात मशीन कुठेही असलं तरी पॉलिसी पोचते. डोमेन आहे पण डब्ल्यूएसयूएस नको असं असेल तर ग्रुप पॉलिसीतूनच अपडेट लांबवता येतात, महिन्याचे अपडेट ३० दिवसांपर्यंत आणि नवीन व्हर्जन ३६५ दिवसांपर्यंत. टार्गेट व्हर्जनची पॉलिसी पण लावा, तिथे २४एच२ लिहिलं की मशीन त्याच व्हर्जनवर थांबतं, मधेच एखादं पुढे पळत नाही. फक्त मुदत संपायच्या आधी ती बदलायची आठवण कॅलेंडरवर टाकून ठेवा.

डब्ल्यूएसयूएस लावणार असाल तर जिथे हमखास अडकायला होतं त्या गोष्टी सांगतो. प्रॉडक्टच्या यादीत आपल्याकडे आहे तेवढ्यालाच टिक करा, ड्रायव्हर अजिबात नको, भाषा लागतात तेवढ्याच, नाहीतर डिस्क कधी भरली कळत नाही. अपडेटच्या फाइली सी ड्राइव्हवर ठेवू नका. ग्रुप पॉलिसीत सर्व्हरचा पत्ता देताना शेवटी ८५३० हा पोर्ट लिहायलाच लागतो आणि तोच पत्ता खालच्या स्टॅटिस्टिक्सच्या चौकटीतही टाकायचा, एक चौकट रिकामी राहिली तर सेटिंग धड लागत नाही आणि आपण सर्व्हरवर कारण शोधत बसतो. आयआयएसमध्ये, म्हणजे डब्ल्यूएसयूएस ज्यावर चालतं त्या विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये, त्याच्या पूलला मेमरीची मर्यादा साधारण १.८ जीबीची येते, मशीन वाढली की तो पूल बंद पडतो आणि सगळीकडे ८०२४४०२२ ने संपणारा एरर यायला लागतो. मर्यादा ४ जीबी किंवा जास्त करा, सर्व्हरवर तेवढी रॅम असेल तर. आणि महिन्यातून एकदा जुने, नव्या अपडेटने मागे पडलेले अपडेट डिक्लाइन करून क्लीनअप चालवा.

मशीन डब्ल्यूएसयूएसमध्ये न दिसण्याचं एक कारण मला शोधायला दोन दिवस लागले होते म्हणून सविस्तर सांगतो. एका ऑफिसात तीस नवीन मशीन आली होती, एक तयार करून बाकीची त्याच्या इमेजवरून क्लोन केलेली. कन्सोलमध्ये बघितलं तर तीसच्या जागी एकच मशीन, आणि गंमत म्हणजे दर थोड्या वेळाने त्याचं नाव बदललेलं दिसायचं, आत्ता रिसेप्शनचं, मग स्टोअरचं. सगळी नेटवर्कवर व्यवस्थित, पिंग होतायत, पॉलिसी पोचलीये. कारण असं निघालं की डब्ल्यूएसयूएस मशीनला त्याच्या नावाने ओळखत नाही, रजिस्ट्रीत विंडोज अपडेटच्या खाली ससक्लायंटआयडी म्हणून एक नंबर असतो त्याने ओळखतं, आणि क्लोन करताना सिसप्रेप (मशीनची खास ओळख पुसणारं विंडोजचं टूल) चालवलं नव्हतं म्हणून तीसही मशीनना तोच नंबर. प्रत्येक मशीनवर विंडोज अपडेटची सर्व्हिस थांबवून ती नोंद आणि तिच्या खालची व्हॅलिडेशनची नोंद डिलीट केली, सर्व्हिस परत चालू केली, तासाभरात एकेक करून सगळी दिसायला लागली. तुमच्याकडे मोजणी जुळत नसेल तर आधी हे बघा.

आणि डब्ल्यूएसयूएसचा सर्व्हर स्वतः अपडेट ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्यातच मोठं भगदाड निघालं होतं, त्याचा नंबर सीव्हीई-२०२५-५९२८७, लांबून कोणीही लॉगिन न करता त्या सर्व्हरवर कोड चालवू शकत होतं, त्यासाठी २३ ऑक्टोबरला तातडीचं वेगळं अपडेट काढावं लागलं. सगळ्या ऑफिसला अपडेट वाटणारा सर्व्हरच हातातून गेला तर काय होईल याचा विचार करा, आणि ८५३० आणि ८५३१ हे पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडे नाहीत ना ते आजच तपासा.

आधी कोणाला, नंतर कोणाला

मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, २००३ पासून हा पायंडा आहे, त्यामुळे सगळं वेळापत्रक त्या मंगळवारावर बांधता येतं.

सगळ्यांना एकदम देणं चुकीचं आणि खूप थांबणंही चुकीचं. दोन्हीची उदाहरणं आहेत. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला, त्याला अडवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं, म्हणजे तब्बल ५९ दिवस लोकांच्या हातात होते आणि तरी इतकी मशीन गेली. उलट बाजूने १९ जुलै २०२४, क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल सगळीकडे एकदम गेली आणि साधारण ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. ते विंडोजचं अपडेट नव्हतं, अँटीव्हायरससारख्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं होतं, आणि ते दुरुस्त करायला लोकांना एकेका मशीनपाशी जाऊन सेफ मोडमध्ये फाइल काढावी लागली, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तिथे आधी रिकव्हरी की शोधावी लागली. म्हणून बिटलॉकरच्या की आत्ताच गोळा करा आणि एक प्रत अशा ठिकाणी ठेवा की सर्व्हर बंद असला तरी हाताशी येईल. छापून कुलपात ठेवली तरी चालेल.

मी तीन गट करतो. पहिल्यात चार-पाच मशीन, त्यांना मंगळवारचं अपडेट बुधवारी. दुसऱ्या गटात जवळपास सगळं ऑफिस, त्यांना पुढच्या मंगळवारी, म्हणजे पॉलिसीत पहिल्या गटाला ० दिवस आणि यांना ७. तिसऱ्यात पगार करणारं मशीन, बिलिंगचं मशीन अशी दोन-चार, त्यांना १० दिवस. यापेक्षा लांबवत नाही. आणि एखादं भगदाड प्रत्यक्ष वापरलं जातंय अशी बातमी असेल, अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेची अशा भगदाडांची यादी असते ती बघायची सवय लावा, तर मग गट-बिट सोडून पहिल्या गटावर एक दिवस बघून सगळ्यांना.

पहिल्या गटात फक्त आयटीवाल्यांची मशीन ठेवू नका, त्यावर काही बिघडलं तरी आपल्याला कळतच नाही कारण आपण ना बिलं छापत ना जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर उघडत. त्यात अकाउंट्समधलं एक हवं, सगळ्यात जुनं आणि हळू मशीन हवं, आणि प्रिंटर शेअर केलेलं एक तर हवंच हवं. २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाचं भगदाड बुजवताना जे अपडेट आले त्यांनी कितीतरी ऑफिसांतले नेटवर्क प्रिंटर बंद पाडले, ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचा पासवर्ड मागायला लागले, आणि सप्टेंबरनंतर ११बी ने संपणारा एरर. ज्यांनी प्रिंटरचं मशीन आधी तपासलं होतं त्यांना एक दिवस आधी कळलं आणि तो एक दिवस फार मोलाचा असतो.

पहिल्या गटातल्या लोकांना सांगा की तुम्ही पहिल्या गटात आहात. गुरुवारी त्यांच्यापाशी जाऊन विचारा, प्रिंट काढून बघितली का, रोजचं सॉफ्टवेअर उघडलं का, स्कॅन झालं का. मेलवर उत्तर येत नाही, तिथे उभं राहून विचारलं की येतं.

रिस्टार्ट

एका ऑफिसात एक मॅडम होत्या, रोज संध्याकाळी न चुकता मशीन शट डाउन करून जायच्या, त्यांच्या शिस्तीचं सगळ्यांना कौतुक. त्यांचं मशीन अपडेटच्या रिपोर्टमध्ये सारखं मागे. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अपटाइम बघितला तर ४१ दिवस. त्यांचा यात काही दोष नव्हता. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळे शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, अपटाइम शून्यावर येत नाही आणि काही अपडेट पूर्ण लागत नाहीत. रिस्टार्ट दाबलं तरच खरंखुरं बंद होऊन चालू होतं. हे ऑफिसात बहुतेकांना उलटं वाटतं, की शट डाउन जास्त पक्कं आणि रिस्टार्ट तात्पुरतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांनी काय करायचं ते पान, तिथून फास्ट स्टार्टअप बंद करता येतं. एसएसडी असलेल्या मशीनवर मी ते सरसकट बंद करतो, चालू व्हायला दोन-चार सेकंद जास्त लागतील तेवढंच.

पॉलिसीत दोन गोष्टी लावा. एक ॲक्टिव्ह अवर्स, कामाच्या वेळात आपोआप रिस्टार्ट होऊ नये म्हणून, जास्तीत जास्त १८ तास देता येतात पण तेवढे देऊ नका, ऑफिसची खरी वेळ आणि पुढेमागे एक तास बस्स. दुसरी डेडलाइन, मी महिन्याच्या अपडेटला ३ दिवस आणि २ दिवसांची सवलत ठेवतो. तेवढ्या मुदतीत माणूस नंतर-नंतर म्हणू शकतो, मग मशीन आपणहून रिस्टार्ट घेतं. डेडलाइन नसेल तर नंतर दाबत दाबत महिना जातो. महिनाअखेर आणि पगाराचे दिवस यांत डेडलाइन पडत नाही ना ते कॅलेंडरवर बघून घ्या, दुसऱ्या मंगळवारात आठवडा मिळवला तर १५ ते २१ तारखेत येतं त्यामुळे सहसा अडचण होत नाही.

आणि लोकांना आधी सांगा, साध्या भाषेत, केबी नंबर (अपडेटचा क्रमांक) वगैरे न लिहिता. मी असा मेसेज टाकतो: "उद्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहानंतर आपल्या मशीनवर अपडेट लागतील. जाताना सगळ्या फाइली सेव्ह करून बंद करा, मशीन चालू राहू द्या, फक्त स्क्रीन लॉक करा. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावून ठेवा. सकाळी काही बंद वाटलं तर आधी मला फोन करा, मी नऊपासून आहे." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, आणि खरंच नऊला हजर राहायचं. अपडेटच्या दुसऱ्या सकाळी आयटीवाला दिसला की लोकांचा विश्वास बसतो आणि पुढच्या वेळी मशीन चालू ठेवून जातात.

विंडोज सोडून बाकीचं

क्रोम आणि एज स्वतःहून डाउनलोड करतात पण बंद करून उघडल्याशिवाय नवीन व्हर्जन लागत नाही, आणि लोकांचे टॅब आठवडे-आठवडे उघडे असतात. दोन्हीच्या पॉलिसीत रीलाँचची सक्ती करता येते, ती लावा. पीडीएफ रीडर, जावा, झिपची सॉफ्टवेअर यांच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. विनरार तर स्वतःहून अपडेट होतच नाही, आणि २०२३ मध्ये त्याचं भगदाड वापरून हल्ले झालेत, दुरुस्ती ६.२३ मध्ये आली, तरी पाचच्या घरातली व्हर्जन मला अजून सापडतात. अशांसाठी विंगेट हे विंडोजचं टूल आहे, कमांड प्रॉम्प्टमध्ये विंगेट अपग्रेड (winget upgrade) टाइप केलं की काय काय जुनं आहे ती यादी येते. सगळं एकदम अपग्रेड करू नका, अकाउंटिंग सॉफ्टवेअरला विशिष्ट जुनं व्हर्जन लागत असेल तर ते पिन करून (त्याच व्हर्जनवर थांबवून) ठेवा. जे वापरतच नाही ते काढून टाका, नसलेल्या सॉफ्टवेअरला अपडेट लागत नाही.

उबुंटूची मशीन असतील तर अनअटेंडेड अपग्रेड्स सिक्युरिटी अपडेट आपोआप टाकतं, पण रीबूट ते सहसा स्वतःहून घेत नाही, ते तुम्हीच ठरवायचं. मॅक असतील तर एमडीएमशिवाय (लांबून मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर) पर्याय नाही. राउटर, फायरवॉल, नॅस (नेटवर्कवरची सामाईक डिस्क), प्रिंटर यांचं फर्मवेअर तीन महिन्यांतून एकदा हाताने, आणि आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेऊन.

बिघडलं तर

एकाच मशीनवर अपडेट अडकलं असेल तर क्रम असा, आधी सी ड्राइव्हची जागा, मग एक रिस्टार्ट, मग विंडोज अपडेट आणि बिट्स या दोन्ही सर्व्हिस थांबवून विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशनचं नाव बदलायचं आणि सर्व्हिस परत चालू करायच्या, ते फोल्डर नवीन तयार होतं. तरी नाही झालं तर विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड, आधी डीआयएसएमने हेल्थ रिस्टोअर आणि मग एसएफसी स्कॅन. एवढ्यात बहुतेक सुटतात, मी तिथून पुढे तासन् तास घालवत नाही, डेटा काढून नवीन विंडोज टाकतो.

अनेक मशीनवर तोच त्रास असेल तर पुढचा गट ताबडतोब थांबवा, डब्ल्यूएसयूएसमध्ये अप्रूव्हल काढा किंवा पॉलिसीतून पॉज करा, मग अपडेट हिस्टरीतून तो केबी अनइन्स्टॉल. नवीन व्हर्जन टाकलं असेल तर मागे जायला १० दिवसच मिळतात, त्यानंतर जुन्या फाइली पुसल्या जातात.

प्रत्येक फेरीनंतर शुक्रवारी मी यादी उघडून बसतो आणि कोणत्या मशीनने दोन आठवड्यांत तोंड दाखवलं नाही ते काढतो. ती बहुतेक रजेवर गेलेल्यांचे लॅपटॉप किंवा कपाटात ठेवलेली जादाची मशीन असतात. असं मशीन परत आलं की ते ऑफिसच्या नेटवर्कला लगेच लावू नका, गेस्ट वायफायवर घ्या, सगळे अपडेट होऊ द्या, रिस्टार्ट करा, परत चेक दाबा कारण पहिल्या फेरीनंतर हमखास दुसरी निघते, आणि अप टू डेट असं दिसलं की मगच टेबलावर नेऊन केबल लावा.